ॲसेटिक ॲनहायड्राइडचे दोन ड्रम विकायला एवढे कागद कशाला?

प्रश्न असा होता: "काका, नागपूरच्या एलआयटी कॉलेजातून पास झाल्यावर मित्रासोबत बुटीबोरीत केमिकल ट्रेडिंग सुरू केलं. एका पार्टीला ॲसेटिक ॲनहायड्राइडचे दोन ड्रम पाहिजेत. सप्लायर म्हणतो आधी एनसीबीचं, म्हणजे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचं, रजिस्ट्रेशन आणा, मग डिक्लेरेशन, मग दर तीन महिन्याला रिटर्न, आणि बाहेर पाठवायचं असलं तर ग्वाल्हेरची एनओसी. हे सगळं म्हणे व्हिएन्नाच्या करारामुळे. ड्रग बनवणारे तर बनवूनच राहिले, मग हा त्रास छोट्या माणसाला कशाला?"

बेटा, आधी कामाचं सांगतो, बाकीचं नंतर वाच. रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत एक लिटरही घेऊ नको, विकू नको, गोडाऊनमध्ये "दोन दिवस ठेवा फक्त" म्हणून कोणी दिलं तर तेही ठेवू नको. अशा केमिकलवर देखरेख ठेवणारी सरकारची आरसीएस ऑर्डर आहे, तिच्या शेड्यूल ए मध्ये हा माल आहे, आणि त्यात नुसतं जवळ ठेवायलाही रजिस्ट्रेशन लागतं. ऑर्डर मोडली तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २५ए लागतं, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड वेगळा. हे घाबरवायला नाही सांगत. मी नागपूरजवळच्या वाडीत गोडाऊन चालवण्यात आणि नंतर कंपन्यांचे हेच कागद सांभाळण्यात अठ्ठावीस वर्षं काढली, आणि चांगल्या घरातली, काही वाईट न केलेली माणसं निव्वळ "माहीत नव्हतं" म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात फिरताना पाहिली.

आता तुझा खरा प्रश्न, कशाला?

हा माल काय आहे ते तुला कॉलेजात शिकवलंच असेल. ॲस्पिरिन त्याच्याशिवाय बनत नाही, पॅरासिटामॉलमध्ये लागतो, सेल्युलोज ॲसिटेटमध्ये लागतो, रंगात, परफ्यूममध्ये, कशाकशात लागतो. भारत तो बनवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे, रोज टँकरच्या टँकर रस्त्यावर असतात. आणि हेच केमिकल अफूच्या मॉर्फिनपासून हेरॉइन करायला लागतं. म्हणजे याच्यावर बंदी घालता येत नाही, कारण बंदी घातली तर तापाची गोळी बंद होईल, आणि मोकळंही सोडता येत नाही. सगळा पेच इथेच आहे बघ. अफूचं सोपं आहे, शेतात दिसते, लायसन असलेल्यानेच पेरायची. केमिकलचं तसं नाही, तोच ड्रम इकडे गेला तर औषध आणि तिकडे गेला तर विष, ड्रमवर काहीच फरक दिसत नाही, फरक फक्त तो कोणाकडे चालला यात असतो.

१९६१ आणि १९७१ चे जुने आंतरराष्ट्रीय करार होते ते मुख्यतः तयार ड्रगबद्दल होते. कच्च्या मालाकडे नीट लक्ष गेलं ते २० डिसेंबर १९८८ ला व्हिएन्नात झालेल्या करारात, त्याचं कलम १२. त्याला दोन यादी जोडल्या, टेबल एक आणि टेबल दोन, सुरुवातीला दोन्ही मिळून फक्त बारा पदार्थ. एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन (यांपासून मेथ नावाचं ड्रग बनतं) पहिल्यात, आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड, ॲसिटोन, इथर असे दुसऱ्यात. ॲनहायड्राइड २००१ मध्ये पहिल्या यादीत आणलं, पोटॅशियम परमँगनेटही तेव्हाच, ते कोकेनसाठी वापरतात. भारताने १९८९ मध्येच एनडीपीएस कायद्यात अशा केमिकलवर नियंत्रणाचं कलम ९ए टाकलं, १९९० मध्ये करारात सामील झाला, १९९३ ला पहिली आरसीएस ऑर्डर आली आणि २०१३ ला ती बदलून आत्ताची आली. म्हणजे तुझ्या हातातला तो फॉर्म व्हिएन्नातून सुरू होऊन दिल्लीवरून बुटीबोरीला पोचलाय, पण ही देखरेख काही बाहेरच्यांनी आपल्यावर लादलेली नाही. व्हिएन्नात जे आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स बोर्ड हे सगळं पाहतं, आयएनसीबी, तेरा सदस्यांचं, त्याच्या अध्यक्ष २०२१ मध्ये आपल्याच माजी नार्कोटिक्स कमिशनर जगजित पवाडिया झाल्या होत्या. आपल्या देशाचं यात पोट आहे आणि आपल्या देशाची पोरंही यात मरतात, दोन्ही कारणांनी हे आपलं काम आहे.

एक्सपोर्टचा माल कसा जातो ते सांगतो, कारण त्याच्यातच या सगळ्या सिस्टीमचा जीव आहे. समज तुला एखाद्या परदेशी कंपनीची वीस टनाची ऑर्डर आली. तू ग्वाल्हेरला सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सकडे एनओसीसाठी अर्ज करतोस, घेणारा कोण, कुठला, कशाला पाहिजे, कुठल्या पोर्टवरून कुठल्या पोर्टला. तिथून त्या देशाच्या सरकारी ऑथॉरिटीला आधीच कळवलं जातं की बाबांनो, तुमच्याकडच्या अमुक कंपनीला एवढा माल येऊन राहिला, ही कंपनी आहे का, तिला खरंच पाहिजे का. याला प्री-एक्सपोर्ट नोटिफिकेशन म्हणतात आणि २००६ पासून ते आयएनसीबीच्या पेन ऑनलाइन नावाच्या सिस्टीमवर होतं, दीडशेच्या वर देश त्यात आहेत. त्याआधी फॅक्सवर चालायचं, फॅक्स कोणाच्या टेबलावर पडला आणि कोणी वाचला की नाही देवालाच माहीत. आता तिकडचा माणूस त्या कंपनीत फोन लावतो, कंपनी म्हणते आम्ही तर हे मागवलंच नाही, आमचं नाव कोणीतरी वापरलं, आणि माल जहाजावर चढायच्या आधी थांबतो. एवढं साधं आहे. गोळी नाही, धाड नाही, एक प्रश्न आणि एक उत्तर. अफगाणिस्तानच्या सरकारने तर मागेच कळवून टाकलं होतं की आमच्याकडे या मालाची कायदेशीर गरजच नाही, म्हणजे तिकडच्या नावाने ऑर्डर दिसली की पुढे विचारायचंच काम नाही.

यात भोकं नाहीत असं मी म्हणणार नाही. नोटिफिकेशन मिळावं असं त्या देशाने आधी अधिकृतपणे मागावं लागतं, भारताने मागितलंय, सगळ्यांनी नाही मागितलं. उत्तर आलंच नाही तर पाठवणाऱ्या देशाला आपल्या अकलेने ठरवावं लागतं. आणि तयार औषधाच्या गोळ्या या करारातून बऱ्याच अंशी बाहेर आहेत, कारण कागदोपत्री त्या औषध आहेत, केमिकल नाहीत. याचा फटका आपल्याला बसलाय, सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या पेट्याच्या पेट्या ईशान्येकडे, मणिपूर मिझोरामवरून म्यानमारला जायच्या आणि तिकडे त्यापासून मेथ बनायचं. गांधीबागच्या दवा बाजारात बसणाऱ्या होलसेलरला विचार, एका छोट्या गावच्या दुकानातून सर्दीच्या गोळीची पाचशे पेट्यांची ऑर्डर आली तर त्याला शंका यायलाच पाहिजे की नाही? सर्दी काय अख्ख्या तालुक्याला एकदम झाली?

दुसरं भोक मोठं आहे आणि ते बंद होणं कठीण आहे. यादीत नाव असतं एका पदार्थाचं. केमिस्टने त्याला छोटीशी शेपटी लावली की नवीन पदार्थ झाला, यादीच्या बाहेर, पोचल्यावर शेपटी काढून टाकायची. मग बोर्डाच्या शिफारशीवरून संयुक्त राष्ट्रांचा नार्कोटिक ड्रग्ज आयोग तो पदार्थ यादीत टाकतो, त्याला एकदोन वर्षं जातात, तोवर तिसरा येतो. २०१४ ला मेथसारख्या ड्रगला लागणारं अपान आलं यादीत, २०१९ ला त्याचा भाऊ, २०२० ला मापा, असं एकामागे एक पळणं चाललं होतं. २०२४ मध्ये पहिल्यांदा जरा शहाणपणा केला, एकाच वेळी अठरा पदार्थ टाकले आणि एकेक नाव धरायच्या ऐवजी घराणीच्या घराणी घेतली, म्हणजे अजून बाजारात न आलेले भाऊबंदही आत आले. मला हे पाऊल फार महत्त्वाचं वाटतं. आयुष्यभर चोराच्या मागे पळालो, एकदा तरी आधी जाऊन दाराशी उभे राहिलो.

आणि तरीही यादी मागेच राहणार. म्हणून मी प्रत्येक नवीन पोराला एकच गोष्ट घोकून सांगतो: यादीत नाही म्हणजे चालतं असं नसतं. पार्टी वेडीवाकडी वाटली तर माल यादीत असो की नसो, विचार.

आता देशातल्या देशात काय होतं ते बघ, कारण तू देशातच विकणार आहेस. बाहेरचा दरवाजा पेन ऑनलाइनमुळे थोडा घट्ट झाला तसा खेळ आत सरकला, ज्या देशात माल बनतो त्याच देशात तो कायदेशीर कारखान्यातून, गोडाऊनमधून, ट्रेडरकडून गळवायचा. २०१६ चा एप्रिल आठव, तू तेव्हा शाळेत असशील. ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून सुमारे अठरा टन एफेड्रिन पकडलं. अठरा टन! तो काही जंगलातला अड्डा नव्हता, रीतसर एमआयडीसीतला प्लॉट होता. त्याच वर्षाच्या शेवटी डीआरआयने, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, उदयपूरला तेवीस टनाच्या आसपास मेथाक्वालोन पकडलं, मँड्रॅक्स म्हणतात ते नशेच्या गोळ्यांचं ड्रग. आणि आपल्या गावाचं बोलायचं तर ऑगस्ट २०२४ मध्ये पाचपावलीत, बांधकाम चालू असलेल्या घरात, डीआरआयला एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) बनवायचा सेटअप सापडला, पन्नास किलोच्या आसपास द्रवरूपातला माल. पाचपावली! माझी मावशी तिथे राहायची, लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे काढल्या. बातमी वाचून दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. कारण त्या घरात जे ड्रम, जे सॉल्व्हंट, जी काचेची भांडी गेली असतील ती आकाशातून नाही पडली, कोणत्या तरी दुकानातून, कोणाच्या तरी गोडाऊनमधून, कोणाच्या तरी बिलावर नाहीतर बिलाशिवाय गेली. विकणाऱ्याने विचारलं असतं का, की एवढं टोल्यूइन, म्हणजे सॉल्व्हंट, घरगुती बांधकामात कशाला?

हे मी हवेत नाही बोलत. माझ्याकडेही एक माणूस आला होता, २००७ च्या आसपासची गोष्ट. वाडीला, संध्याकाळी सहाच्या सुमारास, गोडाऊनचं शटर अर्धं खाली होतं. ॲनहायड्राइडचे चार कार्बॉय, म्हणजे मोठे कॅन, पाहिजेत म्हणाला, रोख देतो, जास्तीचा रेट देतो. कशाला पाहिजे विचारलं तर म्हणे चामड्याच्या टॅनिंगला. आता टॅनिंगमध्ये हे लागत नाही हे मला माहीत होतं. मी म्हटलं कंपनीचं लेटरहेड आण, डिक्लेरेशन भर, रजिस्ट्रेशन नंबर दे. तर तो म्हणतो भाऊ कशाला झंझट, बिलावर ॲसेटिक ॲसिड लिहा नं, वास तर सारखाच येतो. तिथेच मी हात जोडले आणि त्याला बाहेर काढलं. पण त्यापुढे मी काहीच केलं नाही. गाडीचा नंबर लिहून ठेवला नाही, कोणाला फोन केला नाही, घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. मला वाटलं मी नाही विकलं, माझं काम संपलं. आज इतकी वर्षं झाली तरी ती चूक मला खुपते, कारण त्याने पुढच्या दुकानात जाऊन टॅनिंगच्या ऐवजी दुसरं काही सांगितलं असेल. तो नंबर असता तर पुढच्या दुकानदाराला सावध करता आलं असतं. व्हिएन्नाच्या बोर्डाने २०१२ पासून देशादेशांच्या अधिकाऱ्यांसाठी पिक्स नावाची सिस्टीम चालवली आहे, एका देशात संशयित माल सापडला की बाकीच्यांना लगेच कळतं. तिचं तत्त्व हेच, एकाने पाहिलं ते बाकीच्यांना सांगायचं. ते तत्त्व वाडीतल्या चार गोडाऊनवाल्यांमध्येही चालायला पाहिजे, आणि त्याला कुठली वेबसाइट लागत नाही.

अजून एक गोंधळ, जो नागपुरात हमखास होतो. स्फोटक आणि ज्वालाग्राही मालाची सुरक्षा पाहणाऱ्या पेसोचं हेडक्वार्टर आपल्याकडे सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे इथल्या सगळ्या ट्रेडरला सॉल्व्हंटचं लायसन म्हणजे पेसो हेच माहीत. टोल्यूइनचं पेसो लायसन आहे म्हणजे सगळं झालं असं समजून लोक निवांत असतात. ते लायसन आग लागू नये म्हणून आहे. माल भलत्याच्या हातात जाऊ नये याच्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यासाठी शेड्यूल ए च्या मालाला एनसीबीचं वेगळं. पोल्यूशन बोर्डाची कन्सेंट तिसरी. एकाच ड्रमला तीन ऑफिस तीन वेगवेगळे प्रश्न विचारतात, एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

लेबलचंही सांगून ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत भारतातल्या दोन केमिकल कंपन्यांवर खटला भरला, आरोप असा की फेंटानिल या जीवघेण्या नशेच्या औषधाचा कच्चा माल व्हिटॅमिन सी, अँटासिड अशी खोटी नावं लावून कुरिअरने पाठवला. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण अशा एका प्रकरणाने आपल्या सगळ्या प्रामाणिक एक्सपोर्टरच्या कंटेनरकडे तिकडे वेगळ्या नजरेने पाहतात, माझ्या ओळखीच्या लोकांनी ते भोगलंय. बिलावर "फक्त नाव बदला" म्हणणाऱ्या पार्टीला तिथल्या तिथे नाही म्हणायचं, मग ती कितीही जुनी असो.

तू म्हणतोस ते बनवूनच राहिले, मग फायदा काय. खरं सांगू का, पूर्ण थांबलंय असं कोणीच म्हणत नाही. मेक्सिकोने २००८ मध्ये स्यूडोएफेड्रिन जवळपास बंदच केलं तर तिकडच्या टोळ्या दुसऱ्या रस्त्याने मेथ बनवायला लागल्या, आणि आज तिथून निघणारं मेथ कमी झालेलं नाही. चीनने मे २०१९ मध्ये फेंटानिलची सगळी जात कंट्रोलमध्ये आणली तर तयार मालाच्या ऐवजी कच्चा माल निघायला लागला. पाणी वाट काढतंच. पण दुसरी बाजू बघ. अफगाणिस्तानात ॲनहायड्राइडचा काळाबाजारातला भाव कायदेशीर भावाच्या कितीतरी पट असतो. तो भाव कशामुळे? आपल्यासारख्या हजारो लोकांनी "कशाला पाहिजे" विचारल्यामुळे. प्रत्येक नकाराने त्यांचा खर्च वाढतो, रस्ता लांबतो, एक माणूस जास्त सामील करावा लागतो, आणि जेवढी माणसं जास्त तेवढी पकडायची संधी जास्त. हा फायदा मोजून दाखवता येत नाही पण तो आहे, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवूनच इतकी वर्षं हे फॉर्म भरले.

छोट्या माणसाला त्रास होतो हे मात्र शंभर टक्के खरं, त्यात मी तुझ्या बाजूने आहे. एकदा आमच्या एका फार्मा ग्राहकाचा माल नुसत्या एका स्पेलिंगच्या चुकीमुळे, रजिस्ट्रेशनवर "प्रायव्हेट" आणि डिक्लेरेशनवर "प्रा.", कितीतरी आठवडे अडकला, त्याची बॅच गेली, आणि ज्या ऑफिसात अडकला तिथे कोणी फोन उचलायला तयार नव्हतं. रिटर्न उशिरा भरणारा दुकानदार आणि जाणूनबुजून टोळीला माल देणारा, दोघांनाही एकाच कलमाची भीती दाखवणं हे बरोबर नाही. चुकीला दंड आणि गुन्ह्याला जेल असा फरक कायद्यात स्पष्ट दिसायला पाहिजे, म्हणजे साधा माणूस घाबरून गप्प बसण्यापेक्षा पुढे येऊन सांगेल. आज तो गप्प बसतो. माल चोरीला गेला तरी सांगायला घाबरतो, जेव्हा की नियमच आहे की हरवला चोरीला गेला तर एनसीबीला लगेच कळवायचं.

आता तू काय करायचं. आपल्या भागाच्या एनसीबी झोनल डायरेक्टरकडे रजिस्ट्रेशनचा अर्ज टाक, आधी गोडाऊनचे कागद, फर्मचे कागद नीट एका नावाने करून घे, स्पेलिंग सगळीकडे एक. रजिस्टर रोजच्या रोज लिही, महिन्याच्या शेवटी आठवून लिहू नको, तपासणीला आलेला माणूस शाई पाहून ओळखतो. ज्याला विकशील त्याचा युनिक रजिस्ट्रेशन नंबर आणि डिक्लेरेशन घेतल्याशिवाय ड्रम हलवू नको, गाडीसोबत नुसती बिल्टी आणि ई-वे बिल चालत नाही, आरसीएसची कन्साइनमेंट नोटही लागते. तिमाही रिटर्न निल असलं तरी भर.

आणि त्या पार्टीला आजच फोन कर. दोन ड्रम कशाला पाहिजेत, काय बनवता, प्लांट कुठे आहे, आधी कोणाकडून घेत होते आणि आता त्याला सोडून तुझ्यासारख्या नवीन माणसाकडे का आले, हे चार प्रश्न विचार. खरा कारखानदार चिडणार नाही, उलट प्लांट पाहायला ये म्हणेल, मग जा, खरंच जा, रिॲक्टर पाहा, बाकीचा कच्चा माल पाहा, दोन ड्रमचा हिशोब तिथे बसतो का ते बघ. आणि तो "जाऊ द्या, राहू द्या" म्हणाला तर फोन ठेवल्यावर लगेच त्याचं नाव, नंबर, वेळ, काय बोलला ते सगळं वहीत लिही आणि एनसीबीला कळव. मी जे २००७ ला केलं नाही ते.

अर्ज भरताना कुठे अडलं तर लिही, फॉर्मचे फोटो पाठव, मी पाहून देतो.